हंसराज, मुळासकट

मु. पिंपळखोरे, ता. साक्री
१२ फेब्रुवारी २०२५

सुलक्षणाबाईंना अमृत पाटील याचा नमस्कार.

एकोणीस वर्षांनी माझं अक्षर बघून हा कागद फाडावासा वाटेल. फाडा, पण त्याआधी नईमभाईंनी दिलेली बादली सावलीत ठेवा. नईमभाई धुळ्याहून जळगावला रोज भाजीचा टेम्पो नेतात, माणूस भरवशाचा आहे. बादलीत आपल्या विहिरीतला हंसराज आहे. चुन्याच्या तुकड्यासकट काढलाय, मूळ दुखावलेलं नाही.

दिवाळीत एक वासरू आमच्या विहिरीत पडलं. पंचायतीनं ठराव केला, की वापरात नसलेल्या विहिरी पावसाळ्याआधी बुजवायच्या. आमच्या विहिरीवरची मोटर तीन वर्षांपूर्वीच काढली, आता बोअर आहे. मी सही दिली. तुमच्या बहिणीला त्या विहिरीनं नेलं, ती बुजली तर मला काय वाटायचं? पण आतल्या भिंतीवर हे हिरवंगार झाड आहे, त्याच्यावर दगड पडताना बघवणार नाही.

माझ्याकडे ते जगायचं नाही. दिवसभर मी साक्रीला दुकानात जळालेल्या मोटरींत नवी तार भरत बसतो, घरी पाणी घालणारं कोणी नाही. तुम्ही कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता असं कळलं, म्हणून तुमच्याकडेच पाठवतो.

तिचं नाव घ्यायचा मला हक्क नाही, असं तुमच्या आईंनी तेव्हा सांगितलं होतं. म्हणून लिहिलेलं नाही.

अमृत

मेहरूण, जळगाव
२४ फेब्रुवारी

दाजी,

वर 'तीर्थरूप' लिहायला हात वळत नाही आणि नुसतं 'अमृत पाटील' लिहिलं तर अक्का रागावेल. म्हणून दाजीच.

बादली मिळाली. मी आधी सरळ घंटागाडीत टाकणार होते. मग तुमचा नंबर मिळवून फोन केला. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून केला होता. मी 'हॅलो, दाजी का?' म्हटलं आणि तुम्ही फोन ठेवलात. तीनदा केला, तीनदा ठेवलात. एवढी भीती वाटते तर झाड पाठवायची छाती कुठून आली?

मी वीस वर्षांची होते तेव्हा. काठावर अक्काच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. जीव द्यायला जाणारं माणूस चपला काढून जातं, असं सगळे म्हणाले. त्या सकाळी तुम्ही तिच्यावर ओरडत होतात हे शेजारच्या तिघांनी ऐकलं होतं. आईनं तुम्हाला गावासमोर विचारलं, तुम्ही मान खाली घालून उभे राहिलात. दाजी, मला आजही फक्त एवढंच कळायचं राहिलंय, की माझी बहीण का गेली. मी रोज वर्गात उभी राहते, घरी पोळ्या करते, आणि तो प्रश्न माझ्या मागे उभाच असतो.

त्या श्रावणात मी तिला पत्र टाकलं होतं. कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींची वही द्यायची होती, म्हणून तुमच्या विहिरीतला हंसराज मागितला होता. असं कुठलं पत्र आलंच नाही, असं तुम्ही सांगितलंत, म्हणून निदान त्या बाबतीत तरी माझं मन शांत आहे. नाहीतर हे झाड मी उंबऱ्याच्या आत घेतलंच नसतं.

घेतलंय. तीन फांद्या, त्याही माना टाकलेल्या. त्या बापड्याचा काय गुन्हा? न्हाणीबाहेरच्या बोळात ठेवलंय. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे असते, तिला सांगितलंय की नर्सरीतून आणलं. नेच्यांच्या धड्यात मी हंसराज फळ्यावर शंभरदा काढलाय, कुंडीत एकदाही लावलेला नाही. कसा जगवायचा ते लिहा. बाकी काही लिहायची गरज नाही.

सुलक्षणा

पिंपळखोरे
८ मार्च

सुलक्षणाबाई,

विचारलंत तेवढं लिहितो.

मातीचं पसरट कुंडं घ्या. तळाला विटांचे तुकडे, वर जुन्या चुन्याचा चुरा आणि पालापाचोळ्याची माती. कुंड्याखाली पाण्याची परात ठेवा, पण कुंडं पाण्यात बुडू देऊ नका, दोन विटांवर ठेवा. ऊन अजिबात नको. सकाळचं कोवळंही नको, जळगावचं कोवळं ऊन कोवळं नसतं. कूलरचा झोत अंगावर नको. भोवती ओलं गोणपाट टांगा. माठ जिथे पाझरतो तिथे शेजारी ठेवलंत तर सगळ्यात बरं. पाणी मुळाशी, वरून ओतायचं नाही. सगळ्या फांद्या वाळल्या तरी फेकू नका. मूळ ओलं असेल तर ते परत येतं, फार चिवट जात आहे.

फोनचं सांगतो. भीती तुमची नाही वाटली. तुमचा आवाज तिचा आहे. ती आज असती तर जो आवाज झाला असता, तो. तीनदा उचलला, तिन्ही वेळा ती 'दाजी' म्हणतेय असं ऐकू आलं, आणि ती मला दाजी म्हणणार नाही हे कळायला वेळ लागला. त्या दिवशी मी तीन मोटरी चुकीच्या भरल्या. कृपा करून लिहीतच जा.

अमृत

मेहरूण
२७ एप्रिल

दाजी,

पारा चव्वेचाळीसवर गेलाय. अकरानंतर गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं-खिडक्या बंद, कूलर चालू, आणि घराच्या मध्यभागी माठाशेजारी तुमचा हंसराज. मार्चअखेर त्याला अकरा नव्या फांद्या आल्या होत्या. टोकाशी गुंडाळलेल्या, मग हळूहळू उलगडणाऱ्या. देठ काळे, चकचकीत, केसाइतके बारीक. मला तुमचं कौतुक करायचं नाही, पण तुम्ही सांगितलंत तसंच केलं.

आता जे झालं ते सांगते, हसू नका. मी विज्ञान शिकवते, मला भुताखेतांचं वावडं आहे. पण दुपारी आई माठापाशी चटई टाकून पडते आणि झाडाशी बोलते. मी आतून ऐकते. परवा तिनं मला हाक मारली आणि अक्काचं नाव घेऊन म्हणाली, "कामिनी उनी का व? इहीरना वास येस घरमा." मी तिला अजून सांगितलेलं नाही हे झाड कुठलं आहे. दाजी, वास मलाही आला. गार, शेवाळी, खोल पाण्याचा. आमच्या घरात नळाचं पाणी येतं, तेही दोन दिवसांआड. एवढंच नाही. बोळातल्या फरशीवर ओली पावलं दिसली. आईची असतील म्हणून मी पुसून टाकली, मग आठवलं की आई अजून उठलीच नव्हती. माझीच असतील. माझीच असणार.

आणि आता काही उरलंच नाही. आमचे मगनराव केळीवाल्यांच्या घरातले. परवा मी परीक्षेच्या ड्युटीवर असताना त्यांनी फांदी उलटी करून पाहिली आणि त्यांना पानांच्या कडेला तपकिरी ठिपके दिसले. केळीवाल्याला पानावर डाग दिसला की त्याला एकच सुचतं, करपा. त्यांनी कात्री घेतली, अकराच्या अकरा फांद्या बुडापासून छाटल्या, जाळल्या, आणि वर बुरशीनाशक फवारलं. मी आले तर कुंड्यात नुसते काळे खुंट. "बागेतला एक करपा सगळी बाग नेतो," असं मला वर सुनावलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आईनं त्या दिवसापासून जेवण निम्मं केलंय.

हे आता जगेल का, ते लगेच कळवा.

सुलक्षणा

पिंपळखोरे
४ मे

सुलक्षणा,

पत्र आज मिळालं, दुकान बंद करून लिहितोय. घाबरू नकोस. आधी ते औषध धुऊन काढ. माठातलं पाणी मुळाशी हळूहळू पाच-सहा वेळा सोड आणि निथळू दे. मग ओलं गोणपाट चारही बाजूंनी. कुंडं हलवू नकोस, उकरून बघू नकोस. पंधरा दिवसांत गुंडाळलेली टोकं दिसली नाहीत तर महिना थांब. ते येणार. ते याहून वाईट प्रसंगातून आलंय.

मगनरावांना रागावू नकोस. त्यांनी बाग वाचवायला केलं. फक्त त्यांना नीट समजावून सांग, की ते तपकिरी ठिपके रोगाचे नाहीत. ती त्याची पिल्लं, पानाच्या मागे झोपलेली असतात, ती पुसायची नाहीत. आणि कधी दुसरीकडे लावायचं झालं तर मुळासकट काढावं, माती झटकू नये, ओल्या फडक्यात गुंडाळावं.

आईंना पोटभर जेवायला घाल. झाड येतंय म्हणावं.

अमृत

मेहरूण
११ मे

दाजी,

तुम्ही मला एकदम 'सुलक्षणा' लिहिलंत, 'नकोस' लिहिलंत, त्यानं मला बरं वाटलं होतं. पूर्ण पत्र वाचलं आणि मग एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

ते पिल्लांचं वाक्य तुमचं नाही. माझं आहे. पुस्तकात त्यांना बीजाणू म्हणतात, पिल्लं नाही आणि मोटर भरणाऱ्या माणसाला ते सुचणार नाही. 'ठिपके रोगाचे नाहीत, त्याची पिल्लं पानाच्या मागे झोपलेली असतात, पुसू नकोस. मुळासकट काढ, माती झटकू नकोस, ओल्या फडक्यात गुंडाळ.' हे मी आयुष्यात एकदाच लिहिलं. २००६ च्या श्रावणात, अक्काला. पाठवण्याआधी आईला वाचूनही दाखवलं होतं, ती हसली होती.

म्हणजे पत्र आलं होतं. तुम्ही ते इतक्या वेळा वाचलंत की माझे शब्द तुमच्या हातातून आपोआप उतरले.

कधी आलं? ती गेली त्याआधी की नंतर? मला गोड गोड उत्तर नको. एकोणीस वर्षं मी तुम्हाला मारेकरी समजत आलेय. मी जर चुकीच्या माणसाला समजत असेन तर बरोबर माणूस कोण, ते मला कळलंच पाहिजे.

झाडाला अजून काही फुटलेलं नाही.

सुलक्षणा

पिंपळखोरे
२ जून

सुलक्षणा,

तीन आठवडे लागले. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. काल जेसीबी आला आणि विहीर बुजली. आता लपवायला जागाही राहिली नाही.

तुझं पत्र सोमवारी आलं. कामिनीनं ते मला दोनदा वाचून दाखवलं. पिल्लांवर ती फार खूश झाली. पाऊस चालू होता, विहिरीत उतरायचे दगडी पायटे शेवाळलेले. मी म्हटलं, दोन दिवस उघडीप होऊ दे, मी उतरून काढून देतो. ती म्हणाली, पोरीनं पंचवीस तारीख लिहिली आहे, टपालाला चार दिवस जातील. बुधवारी सकाळी पुन्हा तोच विषय. मला साक्रीच्या बाजारी जायचं होतं, उशीर होत होता, मी चिडलो. मी ओरडलो, "मग उतर जा!" शेजाऱ्यांनी ओरडणं ऐकलं ते हे, शब्द त्यांना कळले नाहीत. आणि मी निघून गेलो.

चपला तिनं काढून ठेवल्या, कारण शेवाळावर चपलेनं कोणी उतरत नाही. आमच्या गावात प्रत्येक बाई तशीच उतरायची. त्या दिवशी कोणालाच ते आठवलं नाही.

दुपारी मी आलो. माझा मित्र जीवराम आणि मी दोर लावून उतरलो. तिची उजवी मूठ घट्ट होती. जीवराम वरच्यांना दोर ओढायला सांगत होता तेवढ्यात मी ती मूठ उघडली. आत हंसराज होता, मुळासकट, माती न झटकलेला. मला एकच सुचलं. तू वीस वर्षांची, लग्न व्हायचं, सगळं आयुष्य पुढे. ते वर आलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, हंसराज कोणासाठी? आमच्याकडे ते कोणी काढत नाही. मी तो गड्डा भिंतीच्या भेगेत दाबला आणि वर आलो. नंतर पत्र आलंच नाही म्हणून सांगितलं.

तो गड्डा तिथे जगला, वाढला. तुझ्याकडे पाठवलं ते तेच. तिनं तुझ्यासाठी काढलं होतं, ते तुझ्याकडे पोचायला हवं होतं. दगडाखाली जाऊ द्यायचं नव्हतं. एवढाच माझा हेतू होता, तुला कळावं असा नव्हता. हात घसरला.

आता एक ऐक. आईंना सांगू नकोस. त्यांना शिव्या द्यायला मी आहे, मला सवय झाली आहे. तुला द्यायची वेळ आली तर त्या म्हाताऱ्या बाईनं कुठे जायचं? तुझी चूक नाही. तू झाड मागितलंस, जीव नाही मागितलास.

अमृत

मेहरूण
२० जून

दाजी,

तुम्ही एक सांगितलंत, मी एक सांगते. वहीची तारीख पुढे गेली होती. सरांनी पंचवीसची दहा सप्टेंबर केली, अक्का गेली त्याच्या दोन दिवस आधी. मी घरी येऊन झोपले. बूथवर जाऊन तुमच्या शेजाऱ्यांकडे निरोप द्यायला पाच मिनिटं लागली असती. पत्र पोचलंच नाही असं तुम्ही सांगितलंत आणि मी ते विसरून टाकलं. आता ते विसरता येत नाही. वर्गात खडू हातात घेतला की मला ती मूठ दिसते. घरातला वास गेलेला नाही, आणि आता तो कुठून येतो ते मला माहीत आहे. मी कोणाला सांगत नाही.

तुमचं मी ऐकलं नाही. आईला सांगितलं. आठ दिवस गिळून बसले, पण ती रोज दुपारी त्या खुंटांशी बोलते आणि मध्येच तुमच्या नावानं बोटं मोडते, ते मला ऐकवेना. सगळं सांगितलं. पत्र, पायटे, मूठ. म्हटलं, मार मला.

तिनं खुंटांभोवतीचं गोणपाट सारखं केलं. मग म्हणाली, "माले माहीत व्हतं."

दाजी, तिला सगळं माहीत होतं. मी पत्र वाचून दाखवलं होतं आणि टपालपेटीत टाकलं होतं तिनंच. अक्काला शेवटची आंघोळ घालताना तिला पदराची गाठ लागली. सोडली, तर आत हंसराजाच्या दोन फांद्या. काढताना तुटलेल्या असणार, तिनं माझ्यासाठी बांधून ठेवलेल्या. आईनं त्या मुठीत घेतल्या, उठून चुलीत टाकल्या, आणि बाहेर येऊन तुमच्या नावानं ओरडायला लागली.

मी विचारलं, का? ती म्हणाली, "एक गयी व्हती, दुसरी राखनी व्हती. मी इतली वरडनू का तुले दुसरं काहीच ऐकू उनं नही." हे सांगताना ती रडली नाही. मीच रडले. तुम्ही दोघं मला एकोणीस वर्षं उचलून चालत होतात आणि मी दर दिवाळीला तुमचं वाईट व्हावं म्हणून मागत होते.

तिनं कागद घ्यायला लावला. म्हणाली, मी सांगते तसंच लिहायचं, सुधारायचं नाही. लिहिते.

"जवाईबापू, तुमनी काही चुकी नव्हती. हाई माले तवयच माहीत व्हतं. बठ्ठा गावसमोर मी तुमले शिव्या दिध्यात, त्या खोट्या व्हत्यात. तुमले ते समजी गयं व्हतं ना?"

उत्तर लवकर पाठवा. ती रोज पोस्टमनची वाट बघत दारात बसते.

तुमची सुलक्षणा

पिंपळखोरे
२७ जून

सुलक्षणा,

नाही. मला समजलं नव्हतं.

त्या दिवशी आई ओरडल्या की ह्यानंच तिला विहिरीत घातली. मी सकाळी 'उतर जा' म्हणालो होतो, आणि ते मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, आईंना कसं कळलं? आईंना खरं दिसतं असं मला वाटलं.

पहिली दोन-तीन वर्षं मला नीट आठवायचं, की मी साक्रीच्या बाजारात होतो. तांब्याच्या तारेचं वेटोळं घेतलं होतं, ते डाव्या हातात होतं. मग हळूहळू दुसरं आठवायला लागलं. मी काठावर उभा आहे, ती पाठमोरी आहे, तिच्या निळ्या लुगड्यावर माझा हात आहे. हे मला दुपारी दिसतं, जेवून पडलो की. पुढचं दिसत नाही, हातच दिसतो. मी जीवरामला दरवर्षी विचारतो, त्या दिवशी मी बाजारात होतो ना? तो होता म्हणतो. पण तो मित्र आहे, तो होताच म्हणणार.

मी कोणासाठी काही सोसलं असं तू लिहू नकोस. सुरुवात तशी केली होती, पुढे मला ते खरंच वाटायला लागलं. विहीर बुजवली तेव्हा मी लांब शाळेपाशी जाऊन उभा राहिलो. माझ्या हाताची मला खात्री नव्हती.

आईंना माझा नमस्कार सांग. मी रागावलो नाही म्हणावं. फक्त ते पहिलं वाक्य त्यांच्याकडून पुन्हा एकदा लिहून घे. 'जवाईबापू' नको, माझं पूर्ण नाव घाल, अमृत दौलत पाटील. तारीख घाल. खाली त्यांचा अंगठा घे, शाई नीट लागू दे. मोठ्या अक्षरात लिही, चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे. दुपारी मला ते जवळ हवं.

अमृत